चहा, नाला, काटा, गेट

उस्ताद, दीड महिन्यापूर्वी मी एका माणसाला नापास केलं. आपल्याकडचाच माणूस, भातकुलीचा, पंचावन्नच्या घरातला, तीस वर्षं स्टिअरिंग धरून बसलेला. त्याला मी तोंडावर सांगितलं की काका, आजपासून गाडीला हात लावायचा नाही. काल त्याचा फोन आला, आणि फोन ठेवल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. या दहा वर्षांत मी तुमच्याशी बोललो नाही. कबरीवर दोनदा आलो, दोन्ही वेळी फाटकापासून परत गेलो. आज ट्रेनिंगच्या फॉर्मचे पाठकोरे कागद घेऊन बसलो आहे. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं मराठी आहे, तसंच चालवून घ्या.

मी सध्या कच्छमध्ये आहे, बंदराच्या बाजूला, एका ट्रान्सपोर्ट कंपनीत. अकोला सुटल्यावर नागपूर झालं, भिवंडी झाली, हैदराबाद झालं, मग हे. कुठंही दीड वर्षाच्या वर टिकलो नाही. आई म्हणते, तुह्या पायाले भिंगरी लागली हाय. इथं मात्र अडीच वर्षं झाली, कारण यांनी मला गाडीवरून उतरवलं आणि खोलीत बसवलं. हसाल तुम्ही, पण मी आता ड्रायव्हर लोकांना शिकवतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सेफ्टीचं ट्रेनिंग असतं. जुन्या कंटेनरला खिडक्या कापून केलेली खोली, वीस प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पडदा, एक एसी. ड्रायव्हर लोक एसीसाठी येतात आणि सामोशासाठी थांबतात. मी सांगतो, चार तास चालवलं की अर्धा तास उतरा. पट्टा लावा. फोन घेऊ नका. चप्पल घालून चढू नका. ते मान हलवतात, अर्धे डोळे उघडे ठेवून झोपतात, शेवटी रजिस्टरवर सही करतात. सही झाली की कंपनीचं काम झालं. ज्या कारखान्याचा माल भरायचा तिथं गेटवर हेच कागद बघतात. मी तेच शब्द आठवड्यातून दोनदा बोलतो, आणि कधीकधी मधेच थांबून मला आठवावं लागतं की हे वाक्य आज बोललो की मागच्या मंगळवारी.

चपलेचं मी सांगतो तेव्हा तुम्ही आठवता. अकोल्याच्या आपल्या यार्डात पहिल्या आठवड्यात माझा स्लिपर ब्रेकवरून सरकला होता आणि आपली गाडी दुसऱ्या गाडीच्या मागच्या फळीला टेकली होती. तुम्ही ओरडला नाहीत. संध्याकाळी तुमचेच जुने बूट घेऊन आलात, पुढं कापूस कोंबलेले. "बाटलीतलं औषध घेतल्यावानी घालत जाय, रोज," असं म्हणाला होतात. ओरडलात ते एकदाच. मी बैलगाडीच्या मागं जाऊन मोठा हॉर्न मारला, बैल बिथरले, गाडी बांधाला लागली. तुम्ही मला थांबायला लावलं, खाली उतरवलं, आणि त्या म्हाताऱ्या गाडीवानाची माफी मागायला लावली. तो बिचारा लाजून गेला, म्हणे, जाऊ द्या ना बावा, पोट्टं हाय. तुम्ही म्हणालात, "पोट्टं हाय म्हनून तर. रस्ता कोनाच्या बापाचा नाई. ज्याची गाडी मोठी त्याचा डर मोठा पाह्यजे." हे वाक्य मी इथं हिंदीत सांगतो. कोणाचं आहे ते सांगत नाही.

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर कागद संपेल. ट्रेनिंगच्या दिवशी डोळेही तपासायचे असतात. डॉक्टर वर्षातून एकदा येतो, मधली तपासणी आम्हीच करतो. भिंतीवर तक्ता, जमिनीवर पिवळी पट्टी. पट्टीवर उभं राहायचं, एक डोळा झाकायचा, मी काठीनं दाखवतो ते सांगायचं. तक्ता तोच, उस्ताद. अक्षरांचा नाही. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी असतो तो, तीन दातांच्या कंगव्याचा. कंगव्याचे दात कधी उजवीकडे, कधी डावीकडे, कधी वर, कधी खाली. वरचा कंगवा वीतभर, मग ओळीनं बारीक होत जाणारे. दात कुठं आहेत तेवढंच हातानं दाखवायचं. अकोल्याला त्या कारखान्याच्या हॉलमध्ये लावला होता तसाच. मला वाटतं सगळीकडे एकाच छापखान्यातून येत असेल.

तुम्हाला ते दिवस आठवतात का, कोण जाणे. मला मात्र अकोल्याच्या जुन्या शहरातल्या तुमच्या घरातली ती चूल, ती पाटाशेजारची बरणी, सगळं दिसतं. मी तेव्हा वीस वर्षांचा, तुमच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर, जेवण तुमच्याकडेच. चाची चहा गाळून देते आहे, तुम्ही बशी समोर घेता, कपातला चहा बशीत ओतता, आणि चहा बशीच्या बाहेर, सरळ पाटावर. चाची म्हणते, "देख के, जी." तुम्ही म्हणता, "बशी वाकडी हाय." चाची बशी उचलून माझ्यासमोर धरते, "बोल रे, वाकडी है?" मी काय बोलू? मी म्हणालो, "थोडीशी हाय, चाची." तुम्ही माझ्याकडं बघून हसलात. त्या दिवशी मला कळलं की तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. त्याआधी दोन महिने संध्याकाळ झाली की तुम्ही मला म्हणायचात, "घे आता तू, तुले शिकाले पाह्यजे." मला वाटायचं, माझ्यावर किती माया. माया होतीच, नाही असं नाही.

मग आपल्या मालकाला त्या कारखान्याचं काम मिळालं आणि कारखान्यानं अट घातली, की ज्या ड्रायव्हरचं ट्रेनिंग झालं आणि डोळ्याचं कार्ड आहे तोच गेटच्या आत येईल. माझी बॅच आधी होती. मी पास होऊन आलो. तुम्ही मला यार्डातल्या लिंबाखाली घेऊन गेलात आणि विचारलं, "काय काय पुसते?" मी सांगितलं. तुम्ही बराच वेळ टायरवर हात फिरवत उभे राहिलात. मग म्हणालात, "माह्यानं नाई होनार." मी म्हटलं, ऑपरेशन करून घ्या, उस्ताद. तुम्ही म्हणालात, "महिनाभर गाडी उभी राह्यली त थो मालक दुसरा बसवन. आन् मंग लोक म्हनतीन, उस्ताद आंधया झाला. मी सगळ्यायले शिकवलं अन् मीच घरी बसू?" तुम्ही माझ्याकडं काही मागितलं नाही. एवढं मी देवासमोर सांगेन. मागितलं नाही. मीच दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल घेऊन गेलो तेव्हा त्या हॉलमध्ये शिरलो आणि बिल्टीच्या कागदाच्या मागच्या बाजूला सगळा तक्ता उतरवून आणला.

पाठ करताना तुमची जी फजिती झाली! उजवा, खाली, डावा, वर, उजवा, वर. तुम्ही दोन ओळींच्या पुढं जाईनात. "माह्या ध्यानात नाई राहत बावा. पाढे आले असते त शाळा कायले सोडली असती?" आणि मग माझ्या टाळक्यात ते आलं. अजून वाटतं, नसतं आलं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, उस्ताद, याला तक्ता समजू नका, रस्ता समजा. ज्या माणसाला कलकत्त्यापर्यंतचे सगळे वळण पाठ, त्याला दहा वळणं जड आहेत का? हा मोठा कंगवा म्हणजे तुमची गल्ली. गल्लीतून निघाले की उजवा. दुसरी ओळ, मोर्णा नदीकडे उतार म्हणजे खाली, पुलापलीकडं डावा. तिसरी ओळ, चढ म्हणजे वर, पंपाजवळ उजवा, पुन्हा चढ. चौथी ओळ, चहावाल्याजवळ उजवा, नाल्यात खाली, वजनकाट्यावर गाडी चढवायची म्हणजे वर, आणि कारखान्याच्या गेटात डावा. चहा, नाला, काटा, गेट. तुम्ही डोळे मिटून एकदा हातानं सगळं स्टिअरिंग फिरवलं. मग उघडून म्हणालात, "अरे, हा त आपला रोजचा रस्ता हाय!" आपण दोघं तीन दिवस तुमच्या स्वयंपाकघरात बसून तेच घोकत होतो. चाची पीठ मळता मळता म्हणाली, "कहाँ निकले दोनों? तीन दिन से चाय, नाला, काटा, चाय, नाला, काटा. पोहोचत काहून नाई तुमी?" आणि आपण हसून हसून लोळलो.

तुम्ही पास झालात. तो तपासणारा तुमच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, चाचा, जवानांपेक्षा तुमची नजर भारी. कार्डावर शिक्का बसला, नजर ठीक. यार्डात तुम्ही ते कार्ड खिशातून काढून सगळ्यांना दाखवलंत, आणि मग हळूच चारपाच जण माझ्याजवळ आले. आमालेबी सांग ना रे तो रस्ता. मी सांगितला. मला भाव आला होता. वीस वर्षांच्या पोराला पन्नाशीची माणसं चहा पाजत होती. "रस्ता पाठ झाला का?" असं एकमेकांना विचारायचे, आणि डोळा मारायचे.

तुमचा अपघात झाला त्या दिवशी मी आईला घेऊन कौंडण्यपूरच्या जत्रेत होतो. तुम्ही एकटेच निघाला होतात. मूर्तिजापूरच्या अलीकडे, दिवेलागणीच्या वेळी, कापसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, हे खरं. लाल कपडा नव्हता, हेही खरं. पण तो ट्रॉलीवाला, मोडलेला पाय घेऊन दवाखान्यात पडलेला, येईल त्याला एकच सांगत होता, की मी वीस पावलं मागं बाभळीची हिरवी फांदी टाकली होती, दोन दगडं ठेवली होती, माझ्यासमोर चार गाड्या फांदी पाहून बाजूनं गेल्या, यायलेच कशी दिसली नाई? त्याचं कोणी ऐकलं नाही. कारण तुमच्या खिशात कार्ड होतं. नजर ठीक. ज्याची नजर ठीक आहे त्याला फांदी दिसणारच, आणि दिसली नाही म्हणजे फांदी नव्हतीच. पोलिसांनी मलाही विचारलं, नजर कशी होती रे त्यांची? मी म्हणालो, गरुडासारखी. तुम्ही तिसऱ्या दिवशी गेलात, आणि केस त्या माणसावर झाली. चाचीनं ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवलं आहे. मी भेटायला गेलो की काढून दाखवायची, म्हणायची, "सरकारी शिक्का है. और वो कहता है फांदी थी. झूठे का मुँह काला." म्हणून मी भेटायला जाणं सोडलं.

इथं मी ट्रेनिंगमध्ये सांगतो, गाडी बंद पडली तर मागं पन्नास मीटरवर लाल तिकोन ठेवा, आणि तिकोन नसेल तर झाडाची फांदी टाका. दर मंगळवारी, दर शुक्रवारी. फांदी म्हटलं की मी पाणी पितो. कोणाच्या लक्षात येत नाही.

तर त्या दिवशी हे काका आले. कंपनीत नवीन, पहिलंच ट्रेनिंग. पट्टीवर उभे राहिले तेव्हा मी नाव-गाव विचारलं. म्हणाले, भातकुली. मी म्हटलं, मीपण अमरावतीकडचाच, काका. त्यांचा चेहरा उजळला. "मंग त झालंच! उरक लवकर बावा, मले तीन वाजताची ट्रिप हाय." मी काठी लावली. त्यांनी डोळा झाकला आणि धडाधडा सुरू केलं. उजवा. खाली, डावा. वर, उजवा, वर. एकही चूक नाही. चौथ्या ओळीला मी दुसऱ्या कंगव्यावर काठी ठेवली आणि ते हातानं खाली दाखवायच्या आधी तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "नाला."

माझी काठी थांबली. म्हटलं, "काका, काय म्हणाले?"

"खाली म्हनलो."

"त्याच्या आधी?"

"खोकलो असन."

मी म्हटलं, बरं. दुसरा डोळा झाका. आणि या वेळी चौथ्या ओळीत मी सुरुवात मागून केली. काठी शेवटच्या कंगव्यावर ठेवली, ज्याचे दात डावीकडे आहेत. काका म्हणाले, उजवा. काठी तिसऱ्यावर आणली, ज्याचे दात वर आहेत. काका म्हणाले, खाली. मोठ्या आत्मविश्वासानं, हात लांब करून. ते त्यांच्या रस्त्यानं चालले होते, मी कुठंही काठी ठेवली तरी त्यांच्या चहावाल्याजवळून उजवे वळून नाल्यात उतरले होते. मागच्या खुर्चीवरचा एक जण फिसकन हसला. मी सगळ्यांना म्हटलं, जा, सामोसे आले आहेत.

खोलीत आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी विचारलं, "काका, रस्ता कोणी शिकवला?"

त्यांनी माझ्याकडं एक क्षण पाहिलं आणि मांडीवर थाप मारून हसले. "तुलेबी मालूम हाय त! मंग नाटक कायले करून राहिला लेका? मले वाटलं आता गेलो."

"कोणी शिकवला पण?"

"आमच्याकडं सगळ्यायले येते. अकोल्याले एक उस्ताद होता म्हनतात, जुन्या शहरातला. गरुडासारखी नजर होती त्याची. त्याले सोताले काई गरज नोती, पन ज्यायले दिसत नाई अशा गरीब ड्रायव्हरसाठी बसवला त्यानं. लय पुन्य लागलं असन त्याले."

मी काठी भिंतीला टेकवली, उस्ताद. हजार किलोमीटर लांब आलो होतो मी, आणि माझंच खोटं माझ्याआधी फिरून, तुमचं नाव लावून, समोर पट्टीवर उभं होतं.

मी विचारलं, संध्याकाळी किती दिसतं? ते म्हणाले, "उजेड असला की टकाटक." मी म्हटलं, उजेडाचं नाही विचारलं. मग ते म्हणाले, "संध्याकाळी समोरच्या गाडीची लाईट कपाशीच्या बोंडावानी फुटते. पांढरं पांढरं होऊन जाते सगळं. मंग पुढच्या गाडीच्या मागं मागं चालवायची. अंदाज असते ना आपला, तीस वर्साचा."

"आणि पुढची गाडी उभी असली तर?"

 मी फॉर्म ओढून घेतला. ते एकदम पुढं आले, माझ्या हातावर हात ठेवला. "काय लिहून राहिला? ए, आपल्याकडचा हायेस ना तू? पाय, मी काई तुले वाईट बोललो का? गाडी सुटली त मी कोन मंग? घरी गेलो त गावात सगळे इचारतीन, काहून आला? काय सांगू, दिसत नाई? मले दुसरं काईच येत नाई बावा." मी सांगितलं, मोतीबिंदू आहे, अमरावतीला सरकारी दवाखान्यात ऑपरेशन होतं, महिन्या-दीड महिन्यात पुन्हा तपासू, दिसलं की पुन्हा गाडी. "डोयात सुरी घालू देऊ?" असं म्हणून ते दोन पावलं मागं सरले. हेच मी तुम्हाला का सांगितलं नाही? सांगितलं होतं, पण एकदाच, आणि तुम्ही नाही म्हटल्यावर मला बरंच वाटलं, कारण मला तक्ता उतरवून आणायची हौस होती. मला उस्तादाला पास करून दाखवायचं होतं.

मी नापास लिहिलं आणि सही केली. काकांनी कागद पाहिला. वाचता येत होतं की नाही माहीत नाही, पण समजलं. म्हणाले, "आपला मारन त सावलीत टाकन म्हनतात. तू त उन्हातच टाकलं." दारापर्यंत गेले, परत वळले. "थो उस्ताद जिवंत असता त त्यानं तुह्या कानाखाली काढली असती." माझ्या ओठांवर आलं होतं, की काका, तो उस्ताद कसा मेला ते माहीत आहे का तुम्हाला? तो रस्ता त्यानं नाही, मी बसवला. ओठांवर आलं आणि मी पाणी प्यालो.

संध्याकाळी सेफ्टीच्या साहेबांनी बोलावलं. विचारलं, कैसे पकड़ा? मी म्हटलं, अंदाज से, सर. त्यांनी कंपनीच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला, खाली अंगठे आले. मी सांगायला हवं होतं की हा तक्ताच बदला, अर्ध्या ड्रायव्हरांना तो पाठ आहे. पण मग ते विचारणार, तुला कसं माहीत. तेव्हापासून मी सगळ्यांना उलटसुलट विचारतो, मधूनच, कुठूनही. अजून दोघं सापडले. त्यातला एक तर पार गोरखपूरकडचा. तो पुटपुटत होता, चाय, नाला, कांटा, गेट. मी विचारलं, ये नाला कहाँ है? तो म्हणाला, "पता नहीं भैया, सब ऐसे ही बोलते हैं." उस्ताद, मोर्णेपलीकडचा तो घाण नाला कुठंवर गेला बघा. त्या दोघांनाही घरी बसवलं. आता मी आत आलो की ड्रायव्हर लोक गप्प होतात. मेसमध्ये माझ्या बाजूची जागा रिकामी राहते. पाठीमागं मला कंगवा म्हणतात.

आणि काल फोन. "ओ मास्तर!"

"कोण?"

"ज्याले तू आंधया केलं थो." आवाज मात्र हसरा. "झालं ऑपरेशन. एका डोयाचं झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. काई सुरी-गिरी दिसली नाई, पाच मिनिटं डोयात पानी गेल्यावानी वाटलं. पट्टी काढली न बावा, त सगळ्यात आधी बायको समोर. म्हनलं, ही कोन मातारी? मले वाटे, बायको अजून तशीच हाय."

"मग?"

"मंग तिनं आरसा आनून देला. चूप बसलो." तिकडून बाईचा आवाज आला, सांगा, सांगा, अजून सांगा सगळ्या दुनियेले. काका खूप वेळ हसले. मग म्हणाले, "निळा रंग, लेका. निळा रंग एवढा निळा असते हे मी इसरूनच गेलतो." आणि पुढं सांगितलं, "परवा संध्याकाळी रस्त्यावर जाऊन उभा राह्यलो, येनाऱ्या-जानाऱ्या गाड्या पाहात. एक ट्रॅक्टर दिसला, त्याच्यावरचे मानसं दिसले, एकाच्या हातातली बिडी दिसली. अन् मले घाम फुटला. म्हनलं, एवढे वर्स मी यायच्या मधातून गाडी काढत होतो?"

 त्यांनी विचारलं, "एक सांग, त्या दिवशी तुले समजलं कसं?"

मी म्हणालो, "माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं."

"कुठचा उस्ताद?"

"अकोल्याचा."

"थोच? रस्तावाला?"

हो म्हणालो मी. हो म्हणालो, उस्ताद. काका खूश झाले. "मंग बराबर! ज्यानं कुलूप केलं त्यालेच किल्ली मालूम. त्याच्या घरी कोनी हाय का रे? असन त सांगजो, भातकुलीच्या एका मानसानं दुवा देल्ली म्हना."

आज पहाटेपासून हे लिहून राहिलो आहे, आता शुक्रवारची बॅच बाहेर येऊन बसली आहे, आत मला त्यांच्या चपलांचे आवाज येऊन राहिले आहेत. काकांची दुवा पोहोचवायची तर तिच्यासोबत बाकीचंही सांगावं लागेल. ती फांदी होती. तो ट्रॉलीवाला खरं बोलत होता. तो अजून जिवंत आहे, लंगडत चालतो असं मागं एकानं सांगितलं होतं, मी गाव विचारलं नाही. पेटीतलं ते कार्ड खोटं आहे, माझ्या हातचं. हे सगळं ऐकायचा हक्क चाचीचा आहे, तुमचा नाही, तुम्हाला तर सगळं माहीत होतं.

हे कागद मी घडी करून फॉर्मच्या गठ्ठ्याखाली ठेवणार आहे, पोस्टात टाकणार नाही. तुमच्या नावानं लिहिलं, कारण तुम्हाला वाचता येत नव्हतं. चाचीला येतं.